ऊन आणि हाडें

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांस उन्हाचें महत्त्व सांगणें हें नदीकांठच्या माणसास पाण्याची ओळख करून देण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत विहिरी आटतात, चारा करपतो, पाऊस हुलकावणी देतो. पण ऊन कमी पडल्याची तक्रार कोणीं ऐकिलेली नाहीं. तरी ज्या रोगास आपण मुडदूस म्हणतों, ज्यांत मुलांचीं हाडें मऊ राहून पाय धनुष्याप्रमाणें वांकतात, तो बहुतांशीं उन्हाच्या अभावानें होणारा रोग आहे, आणि तो आपल्या देशांतून अद्यापि गेलेला नाहीं. दारांत ऊन असून घरांतील मुलाच्या हाडांस तें मिळूं नये, हें कसें होतें, आणि तें टाळणें किती अंशीं आपल्या हातीं आहे, हें या पाठांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. उपदेशकांनीं, शिक्षकांनीं व स्त्रियांच्या सभा चालविणाऱ्या बहिणींनीं तो आपल्या गांवीं वाचून दाखवावा. विशेषतः घरांतील वडील बायांनीं तो ऐकावा, कारण बाळंतिणीची खोली त्यांच्या हुकमतींत असते.

प्रथम हाड म्हणजे काय तें पाहूं. हाड दगडासारखें कठीण, म्हणून तें निर्जीव असावें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें जिवंत असतें, आणि जन्मभर थोडथोडें मोडून नव्यानें बांधलें जात असतें. त्याची रचना कुडाच्या भिंतीसारखी आहे. कुड घालतांना आधीं कारव्या किंवा तुराट्या यांचा सांगाडा करितात, आणि मग त्यावर मातीचा गिलावा चढवितात. हाडांतील सांगाडा चिवट तंतूंचा असतो, आणि गिलावा कॅल्शियम व फॉस्फरस या दोन द्रव्यांचा असतो. कॅल्शियम म्हणजे चुन्यांतील मुख्य द्रव्य. या पाठांत आम्ही त्यास सोयीसाठीं चुनाच म्हणूं. गिलावा नसला तरी कुडाची भिंत उभी राहते खरी, पण रेटा लागतांच ती वांकते.

शाळेंतील मुलांस हें डोळ्यांनीं दाखवितां येईल. कोंबडीच्या तंगडीचें हाड स्वच्छ करून काचेच्या भांड्यांत शिरक्यांत बुडवून ठेवावें, आणि शिरका दोनतीन वेळां बदलावा. सुमारें आठवड्यानें हाडांतील चुना विरघळून जातो. हाडाचा आकार तसाच राहतो, पण तें रबराप्रमाणें वांकवितां येतें. मुडदूस झालेल्या मुलाच्या पायांची स्थिति अशीच असते. भेद इतकाच कीं, तेथें चुना विरघळून गेलेला नसतो, तो मुळीं पोंचलेलाच नसतो. मूल उभें राहूं लागतें, अंगाचा भार पायांवर पडतो, आणि पाय वांकतात.

चुना अन्नांतून येतो. परंतु अन्नांतील चुना आंतड्यांतून रक्तांत शिरावयास एका वाटाड्याची गरज लागते, आणि तो वाटाड्या म्हणजे ड जीवनसत्त्व. तें शरीरांत पुरेसें नसेल तर अन्नांतील चुन्याच्या शंभर भागांपैकीं दहा ते पंधरा भागच अंगीं लागतात, बाकीचे वाया जातात. तें पुरेसें असेल तर तीस ते चाळीस भाग अंगीं लागतात. इतर जीवनसत्त्वें आपण खाऊन मिळवितों. हें मात्र त्यांहून निराळें आहे. मासळीचें तेल, अंड्यांतील पिवळा बलक अशा थोड्या पदार्थांखेरीज तें अन्नांत फारसें सांपडत नाहीं. भाकरी, डाळ, भाजी यांत तर तें जवळजवळ नसतेंच. तें आपल्या कातडींतच तयार होतें. कातडींत एक स्निग्ध द्रव्य असतें. त्यावर सूर्याचे अतिनील किरण, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचे व डोळ्यांस न दिसणारे किरण पडले कीं त्याचें या जीवनसत्त्वांत रूपांतर होतें. पुढें यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापलें काम करून तें उपयोगास योग्य करितात. सारांश, चुना ताटांतून आणि वाटाड्या आकाशांतून, असा हा व्यवहार आहे. दोहोंपैकीं एक न आला तर दुसरा पुरा पडत नाहीं.

ही गोष्ट मनुष्यास कळावयास फार दिवस लागले. ती प्रथम स्पष्टपणें सांगणारांत एक मिशनरी डॉक्टर होते, हें आमच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. डॉ. थिओबाल्ड पाम यांनीं १८७० नंतरच्या दशकांत जपानांतील नीगाता या शहरीं वैद्यकी केली. स्वदेशीं परत आल्यावर इंग्लंडच्या उत्तर भागांत काम करितांना त्यांस वांकड्या पायांचीं मुलें जागोजाग दिसूं लागलीं. जपानांत असें चित्र त्यांस दिसलें नव्हतें. तेथील लोक गरीब, अन्न साधें, दुधाची संवय नाहीं. आणि इंग्लंडांत मुलांस त्याहून पुष्कळ बरें खावयास मिळे. मग रोग इकडे कां आणि तिकडे कां नाहीं? पाम यांनीं चीन, जपान, हिंदुस्थान इत्यादि देशांत काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांस पत्रें लिहून त्यांचा अनुभव विचारला. आलेल्या उत्तरांवरून त्यांस दिसून आलें कीं, जेथें आकाश स्वच्छ व ऊन भरपूर तेथें दारिद्र्य असूनहि हा रोग थोडा. जेथें कारखान्यांचा धूर, दाट ढग आणि अरुंद गल्ल्या तेथें तो फार. आपला लेख त्यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केला, आणि मुलांस उन्हांत ठेवणें हाच उपाय आहे असें त्यांत सांगितलें. त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती, टपालाचीं तिकिटें होतीं. त्यामुळेंच कीं काय, सुमारें तीस वर्षें विद्वानांनीं त्या लेखाकडे लक्ष दिलें नाहीं.

पुढें १९१९ सालीं इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांच्या पिलांस अपुऱ्या अन्नावर ठेवून हा रोग उत्पन्न केला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो असें दाखविलें. त्याच वर्षीं बर्लिन येथें डॉ. हुल्डशिन्स्की यांनीं मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याचा प्रकाश पाडला, आणि तीं बरीं झालीं. त्यांच्या प्रयोगांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला असतांहि दुसऱ्या, झांकलेल्या हाताचें हाड सुधारलें. यावरून उघड झालें कीं, किरण हाडांत शिरून काम करीत नाहींत. कातडींत कांहीं तरी तयार होतें, आणि तें रक्तांतून सर्व अंगांत फिरतें. १९२१ सालीं न्यूयॉर्क येथें डॉ. हेस व डॉ. उंगर यांनीं तर दिवाहि वापरला नाहीं. रोगी मुलांस नुसतें उन्हांत ठेवून त्यांनीं तीं बरीं केलीं. तेल आणि ऊन या दोन निराळ्या दिसणाऱ्या औषधांत वस्तु एकाच जातीची आहे, हें त्यानंतर थोड्याच वर्षांत सिद्ध झालें, आणि त्या संशोधनांतील कामाबद्दल आडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनज्ञास १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या भागांतील लोकांनीं उन्हाचें नांव औषध म्हणून ऐकिलें तें मात्र बहुधा क्षयाच्या संबंधानें. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारिलें, आणि पुढें त्यांच्या नांवाच्या वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम झालें. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं बेल-एअर हें आरोग्यधाम काढिलें. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं मोकळी हवा, विश्रांति, पौष्टिक अन्न आणि ऊन यांवरच अशा ठिकाणीं भिस्त असे. त्यावरून ऊन म्हणजे क्षयाचें औषध असा समज कांहीं घरांतून राहून गेला आहे, म्हणून येथें स्पष्ट सांगणें अवश्य आहे. क्षयास आज खात्रीचीं औषधें आहेत, तीं सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, आणि सांगितलेले सर्व महिने घ्यावींच लागतात. उन्हांत बसल्यानें त्यांतील एक गोळीहि वांचत नाहीं. मणक्याचा क्षय आणि मुडदूस हे दोन अगदीं भिन्न रोग आहेत. ज्या मुलाच्या पाठीस कुबड येऊं लागलें आहे आणि ज्यास ताप येतो, त्यास उन्हांत न बसवितां तडक रुग्णालयांत न्यावें.

आतां मुडदुसाविषयींचा आपल्या महाराष्ट्रांतीलच दाखला देतों. डॉ. हचिसन आणि डॉ. शहा यांनीं नाशिक येथें केलेल्या पाहणीचा वृत्तांत १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांस जें आढळलें तें सर्वसाधारण समजुतीच्या उलट होतें. ज्या गरीब बाया बाहेर मोलमजुरी करीत आणि ज्यांचीं पोरें उघड्या अंगानें धुळींत खेळत, त्यांच्या घरीं अन्न निकृष्ट असूनहि मुडदूस दिसत नसे. ज्या संपन्न घरांतील स्त्रिया पडद्यांत राहत आणि ज्यांचीं तान्हीं मुलें त्यांच्याबरोबर आंतल्या खोल्यांत वाढत, तेथें चांगलें खाणेंपिणें असूनहि तो रोग होता. श्रीमंतीनें विकत घेतलेली सावली मुलांच्या हाडांस महाग पडली.

काश्मीरांत काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीं १९२८ सालीं याच विषयावर पुस्तक लिहिलें, आणि त्यांनीं बोट ठेविलें तें आयांच्या मरणावर. होड्यांवर राहून उघड्यावर कष्ट करणाऱ्या स्त्रिया सुखरूप बाळंत होत. पडद्यांतील स्त्रियांच्या कमरेचीं हाडें मऊ होऊन चेपलीं जात. कटीचें हाड म्हणजे मूल जन्मास येण्याची वाट आहे. ती वाट अरुंद झाली तर मूल अडतें, आणि शस्त्रक्रियेची सोय जवळ नसेल तर आई व मूल दोघेंहि दगावण्याचा धोका असतो. मुडदुसाचें मोठें भय वांकड्या पायांत नसून या ठिकाणीं आहे. दोन वर्षांच्या मुलीस झालेला रोग घरचे लोक विसरून जातात. ती वीसबावीस वर्षांची होऊन पहिलटकरीण होते, तेव्हां तें जुनें देणें वसुलीस येतें. मुलीच्या दुधाच्या पेल्यांत काटछांट करणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पडदा पुष्कळ ठिकाणीं गेला, म्हणून हा प्रश्न सुटला असें नाहीं. पडद्याचें काम आतां भिंती करितात. पुण्यांतील एका झोपडपट्टींतल्या पाळणाघराच्या लहान मुलांची पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. तींत बाहेर खेळणाऱ्या मुलांपेक्षां दिवसभर आंत कोंडलेल्या मुलांत मुडदूस अधिक आढळला. आपल्याकडेहि कुटुंबें गांव सोडून कामासाठीं इचलकरंजीस, विट्यास, पुण्यास, मुंबईस जातात. तेथें एका खोलीचा संसार, खिडकी बोळाकडे, बोळांत दुपारींहि दिवा. आई यंत्रमागावर किंवा घरकामास जाते आणि मूल शेजारणीच्या खोलींत राहतें. गांवीं अंगणांत रांगलें असतें तर त्याच मुलास ऊन फुकट मिळालें असतें. ज्या उपदेशकांच्या मंडळींतील कुटुंबें शहरांत गेलीं आहेत, त्यांनीं भेटीस गेल्यावर मूल दिवसांतून किती वेळ बाहेर असतें एवढें एक अवश्य विचारावें.

परंतु गांवांतील घरेंहि निर्दोष नाहींत. बाळंतिणीची खोली पाहा. वारा लागेल, दृष्ट लागेल, या भयानें दार लोटलेलें, खिडकींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखालीं शेगडी, धुरीनें डोळे चुरचुरतात. आणि अशा खोलींत आई व बाळ सव्वा महिना काढितात. कित्येक घरांत त्याआधीं गरोदरपणाचे शेवटचे महिनेहि घरांतच जातात. बाळ जन्मास येतें तेव्हां त्याच्या अंगांत या जीवनसत्त्वाचा जो सांठा असतो तो आईकडून आलेला असतो. आईच्याच अंगांत तुटवडा असेल तर बाळ रिकाम्या हातानें येतें. आईचें दूध सर्वांत उत्तम अन्न आहे, तें सहा महिने निखालस पाजावें, यांत वाद नाहीं. पण ड जीवनसत्त्व त्यांत फार थोडें असतें. बाळंतिणीस शेक द्यावा, विश्रांति द्यावी, तिचें कौतुक करावें. परंतु तिची बाज दिवसांतून कांहीं वेळ ओसरीच्या उन्हांत आणावी. धुराची मात्र मुळींच गरज नाहीं, तो बाळाच्या छातीस अपाय करितो. बाळाच्या अंगास तेल चोळण्याची चाल चांगली आहे, पण त्या तेलांतून हें जीवनसत्त्व अंगांत जातें असें समजूं नये.

उन्हाविषयीं एक मोठा गैरसमज येथें दूर करणें जरूर आहे. कोवळें ऊन हाडांस चांगलें, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों. कोवळें ऊन सुखकर असतें, आणि त्यांत बसण्यांत अपाय नाहीं. पण हाडांस लागणारें जीवनसत्त्व त्यांत जवळजवळ तयार होत नाहीं. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हां त्याच्या किरणांस वातावरणाच्या जाड थरांतून तिरपें यावें लागतें, आणि उपयोगाचे किरण वाटेंतच शोषले जातात. मग योग्य वेळ कोणती? त्यास घड्याळ नको, आपली सावली पुरे. मोकळ्या जागीं उभें राहून पाहावें. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर त्या उन्हांत हें काम फार थोडें होतें. सावली उंचीहून आंखूड असेल तर चांगलें होतें. आमच्या अक्षांशावर सूर्य डिसेंबराच्या अखेरीसहि दुपारीं इतका वर येतो कीं, सव्वाअकरापासून पावणेदोनपर्यंत सावली आंखूड राहते. मे महिन्यांत तर ती साडेनवाच्या सुमारासच आंखूड होते. इंग्लंडांत भर हिवाळ्यांत असा एक क्षणहि येत नाहीं, त्यामुळें तेथील लोकांस कित्येक महिने सांठ्यावर किंवा औषधावर राहावें लागतें. आम्हांस वर्षाचे बाराहि महिने ही वेळ मिळते. अडचण येते ती पावसाळ्याची. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या डोंगरी भागांत जून ते सप्टेंबर ढग हटत नाहींत, म्हणून तिकडच्या लोकांनीं उघडीप मिळतांच मुलांस बाहेर सोडावें. कातडींत तयार झालेलें जीवनसत्त्व चरबींत सांठून राहतें आणि पुढें उपयोगीं पडतें.

किती वेळ बसावें हें कातडीच्या रंगावर आणि कपड्यांवर अवलंबून आहे. काळीसांवळी कातडी उन्हापासून आपलें रक्षण अधिक करिते, म्हणून तिला गोऱ्या कातडीपेक्षां अधिक वेळ लागतो. परदेशी पुस्तकांतील पांचदहा मिनिटांचा हिशेब आपणांस लागूं पडत नाहीं. पुण्यांतील पुरुषांची जी पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली तीवरून असें दिसलें कीं, आपल्या लोकांस रोज तासाहून अधिक वेळ उन्हांत वावरावें लागतें. शेतांत राबणाऱ्या स्त्रीपुरुषांस हें सांगावें लागत नाहीं. दुकानांत, कचेरींत, यंत्रमागावर, शिलाईच्या यंत्रापाशीं बसणारे, दिवसभर अभ्यासांत असणाऱ्या मुली, आणि घराबाहेर न पडणारे वृद्ध यांच्यासाठीं हें आहे. हात, पाय व तोंड उघडें असावें, डोक्यावर पदर किंवा टोपी असावी. बंद काचेच्या खिडकींतून आलेलें ऊन उष्णता देतें, पण उपयोगाचे किरण काच अडविते. वैशाखांत अकरानंतरच्या उन्हांत मुद्दाम बसणें हा शहाणपणा नव्हे, ऊन लागून माणूस मरतो; त्या दिवसांत साडेनऊ-दहाची वेळ साधावी. तान्ह्या बाळास तर कोणत्याहि ऋतूंत प्रखर उन्हांत ठेवूं नये. त्याच्यासाठीं थेंबाचें औषध मिळतें. जन्मापासून एक वर्षपर्यंत रोज ४०० एकक द्यावें असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. तें डॉक्टरांस विचारून सुरू करावें.

आतां ताटांतील चुन्याकडे वळूं, कारण केवळ उन्हानें भागत नाहीं. आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत ऊन रणरणतें असूनहि मुलांस मुडदूस होतो असें आढळलें. तेथील मुलांच्या अन्नांत दूध नव्हतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षां कॅल्शियम दिल्यानें त्यांस अधिक गुण आला. आमच्या दुष्काळी तालुक्यांनीं हें उदाहरण आपलेंच समजावें. ज्वारी आणि बाजरी हीं कसदार धान्यें आहेत, पण शंभर ग्रॅम ज्वारींत किंवा बाजरींत चुना तीस मिलिग्रॅमहून कमी असतो, आणि प्रौढ माणसास तो रोज सुमारें १००० मिलिग्रॅम लागतो. शंभर ग्रॅम दुधांत तो सुमारें १२० असतो. नाचणींत तर ३५० च्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या बारापट असतो. पाटण-जावळीच्या डोंगरांतील लोक जी नाचणी खात आले, तिला हलकें धान्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हा आंकडा पाहावा. नाचणीची आंबील तर भाकरीहूनहि चांगली, कारण आंबविल्यानें धान्यांतील चुन्यास अडवून धरणारें द्रव्य कमी होतें. शेवग्याचा पाला, तीळ, राजगिरा, ताक, कांट्यासकट खातां येणारी बारीक मासळी, हींहि उपयोगीं आहेत. तंबाखूबरोबर मळलेला चुना हाडांस पोंचतो असें मात्र कोणीं समजूं नये. त्यानें तोंडास कर्करोग होतो.

दुधाविषयीं आम्हांस थोडें कठोर बोलावें लागत आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आज गांवोगांव दूध गोळा होतें, आणि त्या पैशावर कित्येक घरें चालतात. तें विकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या घरीं दोन म्हशी दुभत्या आहेत त्या घरचीं मुलें कोऱ्या चहांत खारी बुडवून शाळेस जातात, आणि गरोदर सुनेच्या वांट्यास चहापुरतें दूध येतें, हें उचित नव्हे. डेअरीच्या किटलींत दूध ओतण्यापूर्वीं मुलांसाठीं व गरोदर बाईसाठीं एकेक पेला बाजूस काढावा. एवढें न जमेल तर निदान ताक तरी घरांत राहावें. गरोदर बाईस चवथ्या महिन्यापासून कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांतून मिळतात, आणि बाळंतपणानंतर सहा महिनेपर्यंत त्या घ्यावयाच्या असतात. आशाताईंनीं आणून दिलेल्या त्या गोळ्या पुष्कळ घरांत कोनाड्यांत पडून राहतात.

रोग ओळखावा कसा? मूल वर्षदीडवर्षाचें होऊनहि दांत येत नाहींत, दीड वर्ष उलटलें तरी टाळू भरत नाहीं, कपाळ पुढें येतें, मनगटें जाड दिसतात, फांसळ्यांवर मण्यांच्या ओळीसारख्या गांठी हातास लागतात, मूल उशीरां चालतें, चाललें तर फेंगडें चालतें किंवा गुडघे एकमेकांवर घासतात. दोन वर्षांच्या आंतील मुलांचे पाय थोडे बाहेर वांकलेले असणें स्वाभाविक आहे, त्यास भिऊं नये. बांक वाढत असेल किंवा एकच पाय वांकडा असेल तर दाखवावें. आणखी एक लक्षण फार महत्त्वाचें आहे. रक्तांतील चुना फार उतरला कीं तान्ह्या बाळास आंकडी येते. त्यास भुताची बाधा समजून देवऋष्याकडे नेण्यांत जे तास जातात, त्यांत मूल हातचें जाऊं शकतें. आंकडी आलेलें मूल तत्काळ रुग्णालयांतच न्यावें. प्रौढ स्त्रियांत हा रोग वाताच्या नांवाखालीं लपतो. कंबर, मांड्या व बरगड्या यांत सतत कळा, बसल्या जागेवरून उठतांना हाताचा टेकू, बदकासारखी डुलती चाल, अशीं लक्षणें असलेल्या बाईस वर्षानुवर्षें लेप लावीत बसूं नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी. वृद्धांचीं हाडें ठिसूळ होण्यास वयासारखीं इतर कारणेंहि असतात, पण ऊन व चुना यांच्या अभावानें त्यांत भर पडते, आणि न्हाणींत पाय घसरल्याचें निमित्त होऊन खुबा मोडतो.

औषधासंबंधानें एक सावधगिरीची सूचना. औषधाच्या दुकानीं ६०,००० एककांची पुडी मिळते, आणि डॉक्टर ती बहुधा आठवड्यास एक याप्रमाणें ठराविक आठवडे देतात. शेजारणीस गुण आला म्हणून ती आपण होऊन आणणें, किंवा लौकर बरें वाटावें म्हणून रोज घेणें, हें घातक आहे. उन्हानें हें जीवनसत्त्व कधीं अति होत नाहीं, कातडी तें प्रमाणांत ठेविते. पण पुडीनें अति होऊं शकतें, आणि मग रक्तांत चुना वाढून मूत्रपिंडें बिघडतात. मुलास योग्य औषध सुरू झालें म्हणजे क्ष-किरणाच्या चित्रांत कांहीं आठवड्यांतच सुधारणा दिसूं लागते, आणि वय लहान असेल तर बहुतेक मुलांचे पाय वाढीबरोबर आपोआप सरळ होत जातात. वाढ पुरी झाल्यावर राहिलेला बांक औषधानें जात नाहीं, त्यास शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून मूल चालूं लागण्याच्या वयांतच त्यास दाखवावें, आणि डॉक्टरांनीं पुन्हा बोलाविलेल्या तारखेस, मग ती सुगीच्या दिवसांत कां येईना, रुग्णालयांत न्यावें.